गिरणीतली रात्र आणि तुमचं मेमरी कार्ड: चित्रीकरण साहित्य भाड्याने देणाऱ्या कंपनीला तक्रार पत्र

दिनांक: १९ जानेवारी २०२६
पुणे

प्रति,
व्यवस्थापक,
कॅमेरा व चित्रीकरण साहित्य भाडे विभाग

विषय: बुकिंगपेक्षा वेगळा कॅमेरा व बनावट क्षमतेचं मेमरी कार्ड दिल्याबद्दल, तसेच अनामत रकमेतून केलेल्या ६,५०० रुपयांच्या कपातीबद्दल तक्रार.

महोदय,

९ ते ११ जानेवारी या दोन दिवसांसाठी आम्ही चार विद्यार्थ्यांनी तुमच्याकडून कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, दोन मेमरी कार्डं, तीन बॅटऱ्या, ट्रायपॉड, माइक आणि एक एलईडी लाइट भाड्याने घेतला. भाडं ७,६०० रुपये आणि अनामत २०,००० रुपये, दोन्ही आगाऊ भरले. पावती माझ्या नावावर असल्याने चौघांच्या वतीने हे पत्र मी लिहिते आहे. फोनवर तीनदा बोलून झालं, दर वेळी वेगळी व्यक्ती आणि वेगळं उत्तर मिळालं. म्हणून आता सगळं लेखी मांडते.

आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. या सत्रात आम्हाला एका थरारपटाची फक्त सुरुवात करायची होती: दोन मिनिटं, नामावलीसकट. थरारपटाची सुरुवात म्हटलं की अंधारी गल्ली, मागून येणारी पावलं आणि किंकाळी एवढंच डोळ्यांसमोर येतं. आम्हाला ते नको होतं. दोन आठवडे रोज कॅन्टीनमध्ये बसून आम्ही पिठाच्या गिरणीवर येऊन थांबलो. रात्री गिरणी बंद करताना गिरणीवाला ओळीने ठेवलेले डबे मोजतो, तर एक डबा जास्त निघतो. त्यावर चिठ्ठी नाही. झाकण उघडलं तर वरपर्यंत नीट सपाट केलेलं पीठ, आणि आतून घड्याळाची टिकटिक. एवढंच.

नामावलीसुद्धा त्यातच बसवली होती. गिरणीत प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, आडनाव आणि खाली ‘गहू ५ किलो, बारीक’. तशाच चिठ्ठ्यांवर आम्ही निळ्या बॉलपेनने स्वतःची नावं लिहिली, त्याखाली पटकथा, छायाचित्रण, संकलन. कॅमेरा डब्यांच्या ओळीवरून सरकत जातो, नावं वाचली जातात आणि शेवटचा डबा कोरा निघतो. पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना जो टप् टप् आवाज होतो, तो गिरणी चालू असताना शनिवारी दुपारीच वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, म्हणजे संकलनात तो हळूहळू घड्याळाच्या टिकटिकीत मिसळता येईल. एकतीस शॉट ठरले. प्रत्येकाचं चित्र पेन्सिलने वहीत काढलं, त्या चित्रांचे फोटो जोडून दोन मिनिटांचा कच्चा व्हिडिओ केला आणि कुठला शॉट किती सेकंद टिकतो ते पाहिलं. हे इतक्या तपशिलात लिहायचं कारण म्हणजे तुमच्या कर्मचाऱ्याने मला फोनवर सांगितलं, ‘कॉलेजचाच प्रोजेक्ट आहे ना, पुन्हा करा.’

सासवडजवळच्या एका गावातल्या गिरणीवाल्या काकांनी आम्हाला शनिवारची रात्र दिली. रविवारी गिरणी बंद असते. म्हणजे शनिवारी रात्री नऊनंतर ती आमची. काकांनी स्वतःच गिरणीवाल्याचं काम करायचं कबूल केलं होतं. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना आधी कळवलं होतं.

आता तक्रारीचं.

बुकिंग करताना आम्ही मुद्दाम दोन कार्डांचा कॅमेरा मागितला होता, कारण त्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी चित्रीकरण होतं. एक बिघडलं तरी दुसरं असतं. रात्र एकच मिळणार होती, म्हणून ही काळजी. पावतीवर तेच मॉडेल लिहिलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता काउंटरवर आलो तर ‘ती बॉडी अजून परत आली नाही’ म्हणून एका कार्डाचा कॅमेरा पुढे केला. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘सेन्सर तोच आहे, काही फरक पडत नाही.’ फरक पडला.

आमची सेटिंग्ज साधी होती: फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. गिरणीत ट्यूबलाइट आहे आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर तिच्याशी न जुळणारं ठेवलं तर चित्रात लुकलुक येते. कॅमेरा सेकंदाला १४० मेगाबिट, म्हणजे साडेसतरा मेगाबाइट लिहीत होता. तुम्ही दिलेल्या कार्डावर व्ही-६० छापलं आहे, ज्याचा अर्थ सेकंदाला किमान ६० मेगाबाइट लिहिण्याची हमी. क्षमता १२८ जीबी. या वेगाने त्यावर दोन तास मावायला हवेत. आम्ही पहाटेपर्यंत एकूण ५२ मिनिटंच चित्रीकरण केलं.

पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी कॅमेऱ्यावर कार्ड वाचता येत नसल्याचा संदेश आला. मधेमधे आम्ही शॉट चालवून पाहिले होते, पण ते सुरुवातीचे होते आणि नीट दिसत होते. तुमच्या पावतीवर ‘२४ तास मदत’ म्हणून जो क्रमांक आहे, त्यावर मी पाच वेळा फोन केला. कोणी उचलला नाही. सकाळी नऊ चाळीसला उचलला आणि सल्ला मिळाला, ‘कार्ड फॉरमॅट करून बघा.’ ज्या कार्डावरचं चित्रीकरण वाचवायचं आहे, ते फॉरमॅट करा, म्हणजे कोरं करा, म्हणून भाड्याने साहित्य देणारी कंपनी सांगते, हे मला अजून पटत नाही. आम्ही ते केलं नाही म्हणून निदान थोडं तरी हाती लागलं.

सोमवारी तपकीर गल्लीतल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांकडे कार्ड दिलं. त्यांनी आधी त्याची पूर्ण प्रत काढून घेतली, मग क्षमता तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. साधारण ३१ जीबीच्या पुढे लिहिलेलं काहीही परत वाचता येत नाही. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर १२८ चा शिक्का आहे, आणि कॅमेऱ्यालाही ते १२८ म्हणूनच दिसतं. ३१ जीबी म्हणजे आमच्या सेटिंगला जेमतेम अर्धा तास. अर्ध्या तासापर्यंतचे सतरा शॉट मिळाले, पुढची बावीस मिनिटं त्या कार्डावर कधी उतरलीच नव्हती. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता आणि आम्ही श्वास रोखून उभे होतो. तपासणीच्या निकालाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. दुसरं कार्डही त्याच जातीचं होतं. तीन बॅटऱ्यांपैकी एक चाळीस मिनिटांत संपली, ते मी सोडून देते.

त्या बावीस मिनिटांत काय होतं, तेही लिहिते, कारण तुमच्या हिशेबात त्याला जागा नाही. झाकण उघडल्यावर काका काय करतील हे आम्ही वहीत ‘दचकतात’ असं लिहून ठेवलं होतं. दोन चाळीसच्या सुमाराला शॉट सुरू झाला. काकांनी झाकण बाजूला ठेवलं आणि दचकायच्या आधी, अगदी सवयीने, चिमूटभर पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिलं. बारीक आहे की जाडसर, ते. चाळीस वर्षांचा हात. बोटं थांबली, पीठ बोटांतून सुटलं, आणि मग त्यांनी कान डब्याकडे नेला. आम्ही कोणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीने कॅमेऱ्यामागून माझा दंड घट्ट धरला होता. मंगळवारी रात्री मित्राच्या फोनवर तोच शॉट परत घ्यायला गेलो. काकांनी आठ वेळा मनापासून केला. पण आता त्यांना माहीत होतं की बोटांकडे बघितलं जातंय. ते पीठ चोळत होते, तपासत नव्हते.

शुक्रवारी, १६ तारखेला, सतरा शॉट आणि फोनवरचे बाकीचे जोडून आम्ही काम जमा केलं. दोन्हींचा रंग जुळत नाही आणि कोरा डबा येतो तिथे तर चित्राचा पोतच बदलतो.

हे सगळं बिघाड म्हणून मी समजून घेतलं असतं. यंत्रं बिघडतात. पण १३ जानेवारीला तुमचा संदेश आला: लेन्समध्ये पीठ शिरल्यामुळे सफाईचे ४,८०० रुपये आणि परत न केलेल्या कार्डाचे १,७०० रुपये कापून १३,५०० परत करत आहोत. हे मला मान्य नाही, आणि खरं सांगायचं तर या पत्रातला सगळा राग इथला आहे.

गिरणीत चित्रीकरण म्हणजे पीठ उडणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हवेत उडालेलं पीठ ठिणगीनेही पेट घेऊ शकतं, म्हणून मोटर पूर्ण बंद ठेवली होती आणि मेणबत्तीचा एक शॉट आम्ही स्वतःहून रद्द केला. कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रबरबँड लावले होते, लेन्सवर काचेचा फिल्टर होता, आणि पीठ पडतानाचा शॉट समोर काच धरून घेतला. लेन्स आम्ही गिरणीत एकदाही काढली नाही. या तयारीचे फोटो सोबत आहेत.

शिवाय साहित्य ताब्यात घेताना मी काउंटरवरच फोनने व्हिडिओ केला होता. त्यात १ मिनिट १२ सेकंदांवर लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आहे आणि पुढच्या काचेच्या आत पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. तेव्हा आम्ही गिरणीपासून तीस किलोमीटर दूर होतो. रविवारी साहित्य परत केलं, तेव्हा तुमच्याच कर्मचाऱ्याने तपासून यादीवर ‘ठीक’ लिहून सही केली आहे. दोन दिवसांनी त्यात पीठ कुठून आलं?

कार्ड आम्ही मुद्दाम परत केलेलं नाही. तसं त्याच यादीवर कारणासह लिहून दिलं होतं. ‘डेटाची जबाबदारी कंपनीची नाही’ ही अट तुमचे कर्मचारी दर वेळी वाचून दाखवतात. आमच्या हातून काही पुसलं गेलं असतं तर ती अट आम्हाला मान्य असती. पण १२८ सांगून ३२ चं कार्ड देणं ही आमची चूक होऊ शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याला सेवेतील त्रुटी म्हणतो. आमचा वापर शिक्षणासाठीचा होता, व्यावसायिक नव्हता, त्यामुळे आम्ही त्या कायद्याने ग्राहकच आहोत.

कापलेले ६,५०० रुपये, भाड्याचे ७,६०० आणि रिकव्हरीचे ३,५००, असे १७,६०० रुपये आम्हाला परत हवे आहेत. ही रक्कम तुमच्यासाठी किरकोळ असेल. आमच्यातल्या एकाने त्याच्या वाट्याचे पाच हजार अनामत म्हणून मेसच्या पैशांतून भरले होते आणि हा महिना तो एकवेळच जेवतो आहे. दुसरं, बुकिंगपेक्षा वेगळा कॅमेरा दिला आणि कार्ड सदोष होतं, असं लेटरहेडवर लिहून द्या. ते आम्हाला विभागात दाखवायचं आहे, पैशांइतकंच ते गरजेचं आहे. आणि तुमच्याकडची त्या जातीची सगळी कार्डं तपासल्याशिवाय कोणालाही देऊ नका. परीक्षांचे दिवस आहेत, पुण्यातले कितीतरी विद्यार्थी याच आठवड्यात कुठेतरी एका रात्रीची परवानगी घेऊन तुमच्या काउंटरवर उभे असतील. एक कार्ड भरून तपासायला फार तर दोन-तीन तास लागतात.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न मिळाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवू आणि नंतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, हे आम्ही पाहून ठेवलं आहे.

कार्ड चौघांच्या सह्या करून बंद पाकिटात ठेवलं आहे. तुमच्या तंत्रज्ञासमोर पाकीट उघडून तपासणी परत करून दाखवायची आमची तयारी आहे. तास चारला संपतात, त्यानंतर कोणत्याही दिवशी बोलवा, चौघेही येऊ.

आपली,
बुकिंग नोंदवणारी विद्यार्थिनी
(चौघांच्या वतीने)

सोबत: पावती, साहित्याची सही केलेली यादी, काउंटरवरचा व्हिडिओ, गिरणीतल्या तयारीचे फोटो, कार्ड तपासणीचे स्क्रीनशॉट, रिकव्हरीचं बिल.