केशराचे गुण सांगा, गोरेपणाची आशा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की केशरयुक्त उटणी, तेले आणि क्रीम यांच्या जाहिराती वाढतात, आणि त्यांपैकी अनेकींत केशराचा एकच गुण ठळकपणे सांगितलेला असतो: गोरेपणा. गरोदरपणी केशर-दूध घेतले की बाळ गोरे होते, हा घरोघरचा समजही त्यांच्या पथ्यावर पडतो. त्वचेचा मूळ वर्ण मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्यावर, म्हणजे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरतो आणि केशराने तो बदलत नाही. सावळ्या मुलींना या बोलण्याने किती लागते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

केशर गुणाचे आहे, यात मला शंका नाही. आयुर्वेदाने त्याला वर्ण्य, म्हणजे त्वचेची कांती सुधारणारे मानले आणि कुंकुमादी तेलाला तर नावच त्याचे दिले. कुंकुम म्हणजे केशर. त्यातील क्रोसिन या रंगद्रव्यात अँटिऑक्सिडंट गुण असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, मात्र माणसांच्या त्वचेवरचे अभ्यास अजून थोडे आहेत. हे क्रोसिन पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे खोबरेल तेलाच्या बाटलीत नुसत्या काड्या टाकून ठेवल्या तर रंग फारसा उतरत नाही. कुंकुमादी तेल सिद्ध करताना कल्क (वाटलेल्या औषधींचा लगदा) आणि काढा घालून पाण्याचा अंश आटेपर्यंत ते मंद आचेवर शिजवतात, ते उगाच नव्हे. घरी चार-पाच काड्या चमचाभर कोमट दुधात तासभर भिजवून मसुराच्या पिठात कालवल्या तरी पुरे, फक्त आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

अर्थात काड्या खऱ्या हव्यात. काश्मीरमधील पांपोरच्या ज्या केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते शरदात हाताने खुडलेल्या फुलांतून निघते. एका फुलात तीनच तंतू असल्याने किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात, म्हणजे एका ग्रॅमला दीडशे. ते स्वस्त मिळणार कसे? भाचीच्या हळदीसाठी मी एका दुकानातून आणलेल्या डबीतील काड्या कोमट पाण्यात टाकल्या, तर क्षणात पाणी लालभडक झाले आणि काड्या पांढऱ्या पडल्या. म्हणजे तो निव्वळ रंग होता. अस्सल केशर पाण्याला सावकाश सोनेरी पिवळेपणा देते आणि तंतू बराच वेळ लालच राहतो. रंगवलेले मक्याचे केस किंवा करडईच्या पाकळ्याही केशर म्हणून विकल्या जातात, आणि असला अनोळखी रंग नववधूच्या चेहऱ्याला फासला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या पुरवणीत सौंदर्यविषयक मजकूर नियमित येतो. लग्नसराईपूर्वी त्यात केशराची ही परीक्षा छायाचित्रांसह द्यावी, आणि केशराविषयी लिहिताना ‘गोरेपणा’ हा शब्द वगळावा, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा