बार्डला बोलू दिलंत, भाऊ

भाऊ,

नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं भाऊ. जळगावात गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, खेळवणारा माणूस म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळेलच. आभार मानले की तुम्ही 'जाऊ दे वं' म्हणून विषय बदलता, त्यामुळे समोर न बोलता लिहितेय.

पुण्यात नोकरीला होते तेव्हा ज्या टोळक्यात खेळायचे, तिथे बार्ड, म्हणजे गाण्या-बोलण्याने काम काढणारं पात्र, म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची. 'गाणंबजावणं करणार तू, मग लढणार कोण?' लढाई सुरू झाली की माझ्या पाळीला काम एकच: कुणाला तरी इन्स्पिरेशनचा, म्हणजे हुरूप देणारा जादा फासा द्यायचा आणि फोन बघत बसायचं. बरं, बोलण्याची वेळ आली तरी सुटका नाही. तिथला मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणायचा, 'बोलून दाखव, आम्हाला पटलं तर बघू.' मी मुळात चार माणसांत अडखळणारी, म्हणून तर बोलघेवडी बाई खेळायला घेतली होती! तलवारवाल्याला कुणी कधी आधी जोर काढून दाखव म्हटलं नाही. माझ्या पात्राच्या कागदावर करिश्मा (छाप पाडण्याची ताकद) अठरा, परसुएशनमध्ये (मन वळवण्यात) एक्सपर्टाइज घेऊन प्रोफिशन्सी, म्हणजे कौशल्याचे जादा गुण, दुप्पट, आणि तरी मला फासा टाकायलाच मिळायचा नाही. सगळे हसायचे, मग गोब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, मारायचे. मारलेल्या गोब्लिनांचे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळायचे, समजावून परत पाठवलेल्यांचे काहीच नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा म्हणूनच गुपचूप फायटर घेणार होते. तुम्ही विचारलंत, 'मनापासून काय खेळायचंय?' बस.

मग तो घाटातल्या दरोडेखोरांचा दिवस. नकाशा अंथरलेला, सारीपाटाच्या सोंगट्या मांडलेल्या, इनिशिएटिव्हचे, म्हणजे कुणाची पाळी आधी त्याचे, आकडे वहीत लिहून झालेले. मी हळूच म्हटलं, 'म्होरक्याशी बोलून बघू का?' फायटर लगेच, 'मग माझी तलवार काय लोणचं घालायला?' तुम्ही काही बोलला नाहीत. नकाशावरची म्होरक्याची लाल सोंगटी उचललीत, माझ्या कागदाशेजारी आणून ठेवलीत आणि त्याच्या आवाजात विचारलंत, 'बोल बहीन, तुले काय जोयजे?'

भाऊ, त्या सोंगटीसाठी हे पत्र आहे. लढाईच्या चौकोनांतून उचलून तुम्ही त्याला माझ्यापुढे बसवलंत. मग मला शब्द सुचेनात, तर तुम्ही खालच्या आवाजात एवढंच म्हणालात, 'शब्द राहू दे, त्याच्याकडून काय काढून घ्यायचंय ते सांग.' मी म्हटलं, तो घाट का अडवतोय ते. फासा टाकला, सतरा. 'मना पोऱ्या बिमार शे,' पोरगा आजारी आहे, असं तो म्हणाला आणि आमचा क्लेरिक (देवाचा पुजारी), जो एरवी एकेक स्पेल, म्हणजे मंत्र, लढाईसाठी जपून ठेवतो, त्याने स्वतःहून लेसर रिस्टोरेशन हा बरं करणारा मंत्र वापरला. रक्ताचा थेंब न सांडता घाट मोकळा. एक्सपी पूर्ण दिलेत, सगळ्यांना, तलवारवाल्यालाही.

नंतर चहा पिताना तुम्ही सांगितलंत ते मला माहीतच नव्हतं. १९७४ च्या पहिल्या खेळात राक्षस दिसला की दोन फासे टाकून आधी बघायचे, तो अंगावर येतोय की बोलायला तयार आहे. आणि एक्सपीचा मोठा वाटा मारामारीचा नव्हे, परत आणलेल्या खजिन्याचा असायचा. म्हणजे पुण्यातली मंडळी ज्याला खेळाचा धर्म म्हणत होती, तो निदान पहिल्यापासूनचा तरी नव्हता. हे त्यांना कुणीतरी कळवा. मी नाही कळवणार.

त्याच दिवशी नवीन आलेल्या पोरीला मारामारी नको होती, तर तुम्ही तिला माझ्यासारखीच बार्ड हो म्हणाला नाहीत. तिला वाचनाची आवड, हे बघून नॉलेज डोमेनचा, म्हणजे ज्ञानाच्या देवाचा, क्लेरिक सुचवलात, ज्याला दोन जास्तीच्या भाषा येतात आणि इतिहासासारख्या दोन विषयांत प्रोफिशन्सी दुप्पट मिळते. कुलपं उघडण्याचा नाद असलेल्याला रोग (rogue), म्हणजे हातचलाख चोराचं पात्र, दिलात, त्यालाही पहिल्याच लेव्हलला एक्सपर्टाइज. माणूस बघून क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, हे तुमचं गणित. आपल्याकडच्या भरीत पार्टीत वांगी भाजणारा, बडगीत ठेचणारा आणि नुसत्या गप्पा रंगवणारा, तिघंही एकाच पंगतीत बसतात, कुणाला 'तू काय केलंस' विचारत नाहीत. तसं टेबल सगळीकडे का नसतं कोण जाणे. साधा चांगुलपणा लागतो हो, नियमांचं पुस्तक त्यात कमी पडत नाही.

एक सांगायचं राहिलं. फायटरने परवा मला वेगळं गाठून विचारलं, पुढच्या वेळी ओग्र, म्हणजे धिप्पाड राक्षस, भेटला तर आधी तू बोलशील का? मी हो म्हटलंय. ओग्रला काय हवंय ते तुम्ही आत्ताच ठरवून ठेवा, आणि सोंगटी जरा मोठी बघा.

तुमची,
गच्चीवरची बार्ड