औशाच्या ताईला, टोरांटोहून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

नववीच्या लेकरांना 'जागतिक नागरिक' कसं समजवायचं, असं तू विचारलंस. त्याला ना पासपोर्ट लागतो, ना फाडफाड इंग्रजी. अंगातले गुण आपल्या माणसांच्या पलीकडे वळवता आले पाहिजेत, एवढंच.

पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली सहा गटांत असे २४ गुण मांडले: कुतूहल, न्यायबुद्धी, चिकाटी, कृतज्ञता वगैरे. त्यावरची प्रश्नावली इंटरनेटवर फुकट भरता येते. पण लेकरं 'मी कसा आहे' हे न लिहिता 'कसा असायला हवा' ते लिहितात, म्हणून मार्क नाहीत हे आधीच सांग. आणि यादीत शेवटी आलेला गुण म्हणजे उणीव नव्हे. तो क्रम त्याच लेकराच्या गुणांचा आपसातला असतो, शेजारच्याशी ताडून बघायचा नसतो.

यादी हातात आली की किल्लारीचा भूकंप घे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर मदत कुठून कुठून आली, पुनर्वसनाला तर जागतिक बँकेचं कर्ज मिळालं. लेकरांनी गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना तीनच प्रश्न विचारावेत: कोण आलं? काय केलं? त्यांचं आपलं नातं काय होतं? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना मात्र आपणहून छेडू नये.

उत्तरं वहीच्या डाव्या पानावर, आणि प्रत्येकापुढे त्यात दिसलेला गुण. आधी सगळे 'दया' लिहून मोकळे होतील. तेव्हा विचार, ढिगारा उपसायला नुसती दया पुरते का? धान्य वाटताना रांग कुणी सांभाळली? मग चिकाटी, मिळून काम करणं, न्यायबुद्धी एकेक करून बाहेर येतात. माझ्या मते न्यायबुद्धीवर जास्त वेळ दे, कारण दया बहुधा ओळखीच्या दारापाशीच थांबते.

उजव्या पानावर आपण स्वतः काय करणार ते. तिथे 'जगाला मदत करीन' असलं काही चालवून घेऊ नकोस. कुणासाठी, काय, कोणत्या वारी, ते हवं: 'परराज्यातून वीटभट्टीवर आलेल्या मुलाला दर शनिवारी अर्धा तास मराठी वाचायला शिकवीन.'

अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांच्या २०१३ च्या मांडणीप्रमाणे आपण जागतिक नागरिक आहोत ही भावना दोन गोष्टींवर उभी राहते: जगाची जाण, आणि जवळच्या माणसांना त्याचं मोल वाटणं. नकाशा भिंतीवर लावून पहिलीच साधते. दुसरीसाठी ती उजवी पानं पालकसभेत लेकरांकडूनच वाचून घे.

तीन प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून सोबत धाडतोय, झेरॉक्स काढून घे. आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा