डबा, कटती आणि माझे मार्क

लातूर, रविवार, रात्री ९

तीर्थरूप आई-अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

अण्णा, फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि मग मीही सगळ्याला ‘हो, चांगलं चाललंय’ म्हणून मोकळी होते. म्हणून पत्र. आईला वाचून दाखवा, पण मधलं काही गाळू नका.

चांगलं चाललं नव्हतं. दिवाळीनंतर महिनाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होते. खोलीतल्या दोघी जाग्या असायच्या, मग मी झोपले तर मागं पडेन, एवढाच हिशेब. सकाळी फिजिक्सच्या तासाला मान खाली. तेव्हाच्या ‘नीट’च्या एका सराव टेस्टमध्ये १८० पैकी १७१ प्रश्न सोडवले, १२८ बरोबर आले. तुम्हाला हे बरोबर आलेलेच सांगितले. ४३ चुकले होते. बरोबरला चार मिळतात, चुकीला एक जातो. ७२० पैकी हातात पडले ४६९.

सोयाबीन ओलं निघालं की आडतीवर कटती लागते, ओलाव्याचे पैसे कापतात, आणि तुम्ही घरी येईपर्यंत धुमसत असता. वाळू न देता भरायची घाई केलेली असते आपणच. माझंही तसंच होत होतं. न येणाऱ्या प्रश्नांचेही गोल काळे करून यायचे.

आता येत नाही ते सोडते. परवाच्या टेस्टला १५०च सोडवले, १२९ बरोबर, मार्क ४९५. म्हणजे २१ प्रश्न कमी आणि २६ मार्क जास्त! सरांनी काही नवीन शिकवलं नाही. मी झोपायला लागले, एवढंच.

आणि एक वही केलीय, फक्त चुकांची. पहिल्याच आठवड्यात कळलं, निम्म्या चुका न येण्याच्या नाहीतच. ‘अयोग्य विधान कोणतं’ विचारलेलं असतं आणि मी योग्य ते शोधून खूश. बायोलॉजीत किडनीचं एक सारखं उलटं व्हायचं: हेन्लेच्या वळणात उतरत्या नळीतून पाणी बाहेर पडतं, चढत्या नळीतून क्षार. शेवटी आपली विहीर आठवली. उतरताना पाणी, चढताना खारट घाम. आता झोपेतही चुकणार नाही. (सरांना हे सांगितलं नाही, हसतील.)

परीक्षा दुपारी २ ते ५ असते, म्हणून त्याच वेळेला रोज फिजिक्स घेऊन बसते. जेवून डोळे मिटायला लागतात ती वेळ. रात्री दहानंतर पुस्तक बंद. तुम्ही फोनवर ‘अभ्यास करायलीस का झोपायलीस?’ विचारता ना, तर उत्तर असं आहे की दोन्ही करायलेय.

आता गाळू नका म्हटलं ते. हा माझा तिसरा प्रयत्न आहे, चौथा देणार नाही. अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजचं तुम्ही पारावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, माहितीय मला. एमबीबीएस नाही लागलं तर याच मार्कांवर बीएएमएस बघू. तेही नाही तर बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरणार आहे. तुम्ही साठी ओलांडली, आणि अजून एका वर्षाची फी, खोलीभाडं कुठून आणणार हे विचारायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही.

आई, डबा बंद कर. सहाच्या एसटीला डबा द्यायचा म्हणून तू चारला उठतेस, त्या गुडघ्यांनी फाट्यापर्यंत चालतेस, आणि दुपारपर्यंत भाकरी इथं वातड झालेली असते. मेसची आमटी पातळ आहे, पण तिला सरावले मी. महिन्यातून एकदा येसर आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी पाठव, ती टिकते. रडू नकोस.

तुमची,
शेंडेफळ

ता. क. अण्णा, आडतीला आलात तर स्टँडवरून सरळ खोलीवर या. फक्त २ ते ५ मध्ये येऊ नका.