प्रदर्शन संपायच्या आत कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चित्रप्रदर्शनाची बातमी आपल्या अंकात येते ती बहुधा उद्घाटनाची. छायाचित्रात प्रमुख पाहुणे आणि आयोजक ओळीने उभे, चित्रं त्यांच्या पाठीमागे झाकलेली. चित्रकाराचं नाव शेवटच्या ओळीत. प्रदर्शन कोणत्या तारखेपर्यंत आहे हे कित्येकदा नसतंच. एकल प्रदर्शन पुष्कळदा जेमतेम आठवडाभर चालतं. सवडीने जावं, तर भिंतीवर दुसऱ्याच कोणाची चित्रं लागलेली असतात.

माझी विनंती आहे की दर आठवड्याला चालू प्रदर्शनांची यादी छापावी. कलाकाराचं नाव, माध्यम, शेवटची तारीख, वेळ आणि कलाकार स्वतः दालनात कधी भेटेल, एवढं असलं तरी खूप झालं. आजच्या कलाकाराला समोरासमोर विचारता येतं, यासारखी संधी नाही. पण ‘आपल्याला त्यातलं काय कळतं’ म्हणून किंवा आत गेलं की काही विकत घ्यावं लागेल या धास्तीने माणसं दारातूनच परत फिरतात.

मागे एका समूह प्रदर्शनात मी एका छोट्या काळ्या-पांढऱ्या चित्रापाशी थांबले होते. खाली पेन्सिलीने ४/२० लिहिलेलं. कोपऱ्यात बसलेली तरुण चित्रकर्ती उठून आली आणि म्हणाली, ‘जरा बाजूने बघा.’ बाजूने पाहिल्यावर पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटलेली चौकट दिसली. हा ड्रायपॉइंट होता, म्हणजे कोरलेल्या पत्र्याला शाई लावून कागदावर छापलेलं चित्र. पत्र्यावर सुईने कोरताना रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर वर येते, ती शाई धरून ठेवते आणि म्हणून रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. प्रत्येक छापागणिक ती कोर दबत जाते, त्यामुळे चांगल्या प्रती थोड्याच निघतात. वीसपैकी ही चौथी. तिने सांगितलं नसतं, तर मी पुढच्या चित्राकडे वळले असते. तेव्हापासून तिचं नाव कुठे दिसलं की मी जातेच. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांतही अशी नावं सापडतात, पण त्यांची तर दोन ओळींची बातमीही येत नाही.

यादीबरोबर परीक्षणही हवं, आणि तेही प्रदर्शन चालू असताना. १८७४ साली मोने, देगा, बर्थ मोरिसो आदी चित्रकारांनी पॅरिसमध्ये स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन भरवलं, ते महिनाभर चाललं. वृत्तपत्रांनी त्यांची खिल्लीही उडवली, पण ती प्रदर्शन सुरू असतानाच. ज्याला पटलं नाही, तो जाऊन स्वतः पाहू शकत होता. दालन रात्री आठ ते दहा पुन्हा उघडं ठेवलं जाई, हे मला विशेष वाटतं. आज नोकरी करणारा माणूस कामावरून सुटेपर्यंत बहुतेक दालनं बंद व्हायच्या बेतात असतात. आयोजकांनी निदान एक दिवस उशिरापर्यंत दार उघडं ठेवावं आणि आपण त्या दिवसाला ठळक प्रसिद्धी द्यावी.

आणखी एक. दालन तळमजल्यावर आहे की जिने चढावे लागतात, लिफ्ट आहे का, हेही यादीत असावं. चित्रांची मनापासून आवड असलेली माझी एक वयस्कर मैत्रीण केवळ एवढं ठाऊक नसल्यामुळे घरीच थांबते.

आपली,
एक नियमित वाचक