पाच-पाच, एक-तीन

प्रिय लंब्या,

तुझे सात मेसेज आले. सातही वाचले, निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील. उत्तर एकाचंही दिलं नाही. शेवटच्या मेसेजमध्ये तू नुसता उलटा अंगठा पाठवला होतास, तो मला पोचला. फोनही केला नाही, कारण फोनवर तू दर वाक्याला "हं, पुढे?" करतोस आणि त्या घाईत मी सांगायचं ते सोडून भलतंच सांगतो. कागदावर तुला "हं" म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा तसाच.

आप्पांचं ताईकडून कळलंच असेल. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली. उजवा हात लुळा आहे, काठी घेऊन चालतात, स्वतःचं स्वतः जेवतात. बोलणं मात्र गेलं. म्हणजे अगदी गेलं असंही नाही, एक शब्द राहिलाय. कुठला असेल सांग? "मग."

हसलास ना? मीही पहिल्या दिवशी हसलो, दवाखान्याच्या जिन्यात, एकटाच. अख्खी शाळा ज्या "मग?"ला टरकून होती, तेवढाच नेमका मागे राहिला. शेवटच्या बाकावरून तू काहीतरी पुटपुटायचास, मग वर्ग गप्प, आप्पा खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "मग?" त्या एका शब्दावर तू दर वेळी सगळं कबूल करायचास, न केलेलं सुद्धा.

या आजाराला अफेजिया म्हणतात. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे एक रुग्ण आला. कितीतरी वर्षं त्याला "तान" एवढंच बोलता येत होतं. काहीही विचारा, "तान तान", आणि सूर मात्र दर वेळी वेगळा. फार चिडला की तोंडातून एक शिवी स्वच्छ बाहेर पडायची. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला तर डावीकडचा पुढचा भाग खराब झालेला. हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून आप्पांचा चष्मा पडला. आप्पा म्हणाले, "गाढवा!" शब्द खणखणीत, उच्चार शुद्ध. मी आनंदाने पुन्हा पाडणार होतो. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, असं होतं. शिव्या, आकडे, चालीवर पाठ झालेलं हे वेगळ्या वाटेने येतं. आप्पा एक ते दहा सरळ मोजतात. कवितेची चाल धरून दिली तर अर्धी ओळ म्हणतात. "पाणी हवं" एवढं मात्र म्हणता येत नाही.

आता मी काय केलं ते ऐक. तू मला मूर्ख म्हणशील. मी आपली भिंत काढली.

होस्टेलची, तुझ्या-माझ्या खोल्यांमधली, जिच्यावर ठोकून आपण बोलायचो. क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी, आधी ओळ ठोकायची मग घर. क म्हणजे एक-एक, म म्हणजे पाच-पाच. पाच ओळी, प्रत्येकी पाच अक्षरं. इतका तयार तक्ता इंग्रजीवाल्यांच्या नशिबी नाही. व्हिएतनाममध्ये कैदेत पडलेले अमेरिकन सैनिक असंच भिंतीवर ठोकून बोलायचे, पण 26 अक्षरं 25 घरांत बसवताना त्यांना के काढून टाकावा लागला आणि सीवरच भागवावं लागलं. आपला के, म्हणजे क, पहिल्याच घरात. आपली अडचण पुढे होती. य र ल व श सहावी ओळ, ष स ह ळ सातवी, आणि काना-मात्रा कुठेच नाही. "पळ" ठोकायला सतरा ठोके लागायचे, तोवर रेक्टर दारात. आणि ते "सांग"चं प्रकरण! "तिला सांगू का?" असं तू विचारलंस, मी सात-दोन, एक-तीन ठोकलं. तू सात-तीन मोजलंस. काय शब्द झाला तो पुन्हा मोजून बघ. त्यावरून तू आठ दिवस बोलला नाहीस. अजून सांगतो, मी दोनच ठोकले होते.

तर तो तक्ता मुळात आप्पांचाच ना. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. घशापासून निघून ओठांवर यायचं. मला वाटलं, तोंड चालत नाही तर बोटं चालतील. डावा हात शाबूत आहे. टेबलावर मोठा तक्ता मांडला आणि म्हटलं, आप्पा, ठोका. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं, क पासून म पर्यंत सरळ फिरवलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "मग!" पण तहान लागली तेव्हा प शोधता आला नाही. बोट प वरून दोनदा गेलं, थांबलं नाही.

बाईंनी समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. फ्रान्समध्ये एका संपादकाला 1995 मध्ये झटका आला, सगळं शरीर गेलं, डावी पापणी तेवढी हलायची. समोरचा अक्षरं वाचायचा आणि हवं ते अक्षर आलं की हा पापणी मिटायचा. असं करत त्याने अख्खं पुस्तक सांगितलं. त्याचं बोलणं गेलं होतं, भाषा जागेवर होती. आप्पांचं उलट आहे. जन्मापासून हातांच्या खुणांनी बोलणाऱ्या बहिऱ्या माणसाला याच जागी झटका आला तर त्याच्या खुणाही मोडतात, हात धडधाकट असले तरी. म्हणजे मी दार बदलून बघत होतो आणि मोडतोड आत झाली होती.

बरं, हे सगळं तुला सांगतोय ते आजाराचं रडगाणं म्हणून नाही. घराचं आहे. ताईचं म्हणणं, घर विकायचं, आप्पांनी माझ्याकडे यायचं. जिना, एकटेपण, रात्रीअपरात्री पडले तर कोण. तिचं एकही चूक नाही. तिने त्यांना विचारलं, "आप्पा, विकूया ना?" ते म्हणाले, "मग." ताई म्हणते, झालं, मग म्हणजे अर्थातच. मी म्हणतो, मग म्हणजे पुढे काय. किंवा मग म्हणजे मग माझं काय. तिच्या कानाला उद्गारचिन्ह ऐकू आलं, माझ्या कानाला प्रश्नचिन्ह. मान त्यांनी हलवली, पण ती दोन्हीकडे हलते. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी प्रश्न उलटून विचारला. "विकायचं?" हो. "ठेवायचं?" त्यालाही हो.

इथे तुझी ती स्लाइड आठवली. समोरच्याला जे पोचतं त्यात शब्द 7 टक्के, आवाज 38, चेहरा 55. तुझ्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असते, आणि तुझ्या घरी वहिनींसमोर आपण त्यावरून भांडलो होतो. मी तेव्हाही म्हणालो होतो, 1967 चा तो प्रयोग भावनांपुरता होता, तो करणाऱ्या मेहराबियनने स्वतःच तसं सांगितलंय. पण तपशील मला आता कळला. त्यातल्या एका प्रयोगात त्यांनी एकच शब्द घेतला होता, "मेबी", तीन सुरांत म्हटलेला, आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. लंब्या, माझ्या घरात रोज तोच प्रयोग चालू आहे! आणि तुझी स्लाइड तेवढ्यापुरती खरी निघाली, घे. आप्पा रागावलेत, दमलेत, खूश आहेत, हे सुरावरून मला पक्कं कळतं. कशावर रागावलेत ते कळत नाही. तो सगळा माल त्या 7 टक्क्यांत होता.

शेवटी लेखी परीक्षा घेतली. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले, एक वर, एक खाली: विकायचे, ठेवायचे. त्यांच्या डाव्या हातात लाल पेन दिलं. बराच वेळ बघत बसले. मी मनात दहापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं. साध्या गप्पांत आपण एकाचं वाक्य संपल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागात उत्तर देतो म्हणे, दहा भाषांत मोजलंय कुणीतरी. आप्पांसमोर बसलं की तो पाचवा भाग किती लाडावलेला असतो ते कळतं. मग पेन टेकलं. थरथरत, सावकाश, वरच्या शब्दावर गोल आला. माझ्या पोटात खड्डा पडला. विकायचे.

जवळ जाऊन बघितलं तर गोल अख्ख्या शब्दाला नव्हता. पहिल्याच अक्षराभोवती होता. घाईत मी "वीकायचे" लिहिलं होतं, दीर्घ.

आता सांग, हे उत्तर आहे की तपासणी? ताईला दाखवलं, ती म्हणाली, गोल केलाय ना, मग कशाला कीस पाडतोस. मी त्यांना विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण दातांनी लावलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मग."

धाकटीला नोकरी लागली ते वाचलं, अभिनंदन सांग. तुझी बदली टळली का रे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. सविस्तर लिही, मी उत्तर देईन. शपथ नको घालूस.

एक काम कर. आप्पांच्या "मग"वर तुझ्याइतका कुणाचा अभ्यास नाही, वर्गात सर्वांत जास्त वेळा तो तुझ्याच वाट्याला आला. मी तीन रेकॉर्डिंगं केली आहेत, हे पत्र टाकलं की पाठवतो. पहिलं चहा हवा का विचारल्यावरचं, ते पट्टी जुळवायला. दुसरं ताईने विचारल्यावरचं, तिसरं मी कागद दाखवल्यावरचं. रात्री इअरफोन लावून ऐक, घाई करू नकोस, आणि तुला काय ऐकू येतं ते ताईच्या आधी मला कळव. कागदांवर अंगठा महिनाअखेरीला आहे. तिसऱ्याच्या सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज येईल. तो मी आहे, तो सोडून दे.

तुझा,
भिंतीपलीकडचा