वल्ह्याला कान

बर्गन, नॉर्वे
१२ फेब्रुवारी

ती. स्व. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचणाऱ्या दादाला आधीच सांगते: आबांच्या उजव्या बाजूला बस, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

आबा, परवा आम्ही इथल्या डोंगरांमधल्या खाडीत, फियॉर्डमध्ये, लहान बोट नेली, इंजिन बंद केलं आणि वायरीला बांधलेला पाण्यातला माईक खाली सोडला. हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर. मग खालून गुर्र, थोडं थांबून पुन्हा गुर्र. कॉड माशाचे नर विणीच्या दिवसांत असे घुमतात. पोटातल्या वाऱ्याच्या पिशवीजवळचे स्नायू भराभर आवळतात, सोडतात आणि ती पिशवी थरथरते. बाकीचे वहीत वेळ टिपत होते. मला दिसत होता वेसाव्याचा समुद्र, आणि वल्ह्याचं एक टोक पाण्यात, दुसरं कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून बसलेले तुम्ही. “घोळ बोलतोय खाली.” आम्ही पोरं किती हसायचो! तुमची नक्कल करण्यात मीच पुढे असायचे.

तुमचं खरं होतं. घोळ, ढोमा, कोथ ही सगळी मासळी एकाच जातकुळीतली, आवाज करणारी. ज्या बोतासाठी, म्हणजे त्याच वाऱ्याच्या पिशवीसाठी, व्यापारी धक्क्यावर बोली लावतात, त्याच बोताचा घोळ ढोल करतो.

आणि वल्हंच का, तेही आता कळलं. पाण्यातला आवाज वर हवेत यायला बघतो, पण पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. त्याच्या जोराचा हजारावा हिस्सा वर आला तर आला. म्हणून होडीत नुसतं बसून काही ऐकू येत नाही. लाकूड मात्र ती थरथर धरतं आणि थेट हाडाला देतं, मध्ये हवा येतच नाही. इथला आमचा माईक लाखांच्या घरातला आहे, हे आजीला सांगू नका.

मढच्या फेरीबोटीच्या वाटेत मी बुडी मारली होती, ते आठवतं? पाण्यात इंजिन घणघणत होतं, पण कुठून ते कळेना. सगळीकडूनच, जणू माझ्या डोक्यातूनच. वर आले तर बोट दोन हातांवर. तुम्ही मुस्काटात दिलीत आणि म्हणालात, पाण्यात कानावर भरवसा ठेवायचा नाही. इथं शिकताना त्या थपडेचं कारण सापडलं. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, त्या फरकावरून डोकं दिशा ओळखतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्रात सुमारे १५००. एवढ्या वेगात तो फरक जवळजवळ उरतच नाही. शिवाय तिथं आवाज कानाच्या भोकातून कमी आणि कवटीच्या हाडातून जास्त शिरतो, दोन्हीकडे एकदमच.

हा वेग पहिल्यांदा नीट मोजला १८२६ मध्ये, जिनिव्हाच्या तळ्यात. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली. ती वाजवायची त्याच क्षणी वर दारूचा भडका. रात्रीच्या अंधारात दुसऱ्या होडीत कोलाडोन नावाचा माणूस लांब नळीचं तोंड पाण्यात बुडवून, दुसरं टोक कानाला लावून बसलेला. म्हणजे तुमच्याच जातीचा! दोन होड्यांमध्ये तेरा किलोमीटरहून जास्त अंतर, साधारण वेसाव्याहून वरळी कोळीवाडा. भडका दिसल्यावर नऊ-साडेनऊ सेकंदांत घंटा ऐकू आली. उत्तर निघालं सेकंदाला १४३५ मीटर. तळ्याचं पाणी गोडं आणि गार, म्हणून आपल्यापेक्षा थोडं कमी. हवेतून तोच टोला पोचायला चाळीस सेकंद लागले असते, तेही ऐकू आलाच तर.

चिंटूसाठी एक गंमत. शेजारच्या स्वीडनच्या आरमाराला पाण्यात टिकटिक ऐकू यायची. त्यांना वाटायचं रशियाच्या पाणबुड्या आल्या. निघाले हेरिंग मासे, मागून बुडबुडे सोडणारे. हो चिंटू, तेच.

आता कामाचं. तुम्ही म्हणायचात, इंजिनं आली आणि घोळ बोलायचा थांबला. मला वाटतं तो बोलत असेल, आपल्यालाच ऐकू येत नसेल. जहाजांचा आणि बोटींचा घरघराट खालच्या सुरात असतो आणि ही मासळीही त्याच सुरात बोलते. पण हे माझं पुस्तकी मत. तुम्हाला आवाज कधी यायचा? अंधार पडताना की भरती लागताना? कुठल्या महिन्यात, किती वाव पाण्यात? घोळ आणि ढोमा नुसत्या आवाजावरून वेगळे ओळखायचात का? दादा, आबा सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड कर. तोंडानं आवाज काढून दाखवतील, तोही घे. लाजतील, पण सोडू नकोस.

मे महिन्यात येते आहे. ते जुनं वल्हं आजीनं बोंबील वाळवायच्या वलांडीला बांधलं असेल, तर तेवढं सोडवून ठेवा.

तुमची नात,
सुमी